पाथर्डी फाटा ते नाशिकरोड : ‘स्टेशनच्या गाडी’चे सहा महिने

नाशिक शहरातल्या पाथर्डी फाट्यावरून निघून वडाळा-पाथर्डी रस्त्याने नाशिकरोड रेल्वे स्थानकापर्यंत मासिक वर्गणीवर चालणारी एक सतरा आसनी ट्रॅव्हलर आहे. तिच्यावर नावाची पाटी नाही, तिची जाहिरात कुठे लागलेली नाही आणि तिच्यातून ये-जा करणारे आम्ही सगळे तिला ‘स्टेशनची गाडी’ एवढेच म्हणतो. मालक आणि चालक एकच व्यक्ती आहे. मुंबईला नोकरी असल्यामुळे आठवड्यातून चार दिवस अपडाऊन करणारी रेल्वेची पासधारक म्हणून मी ही सेवा गेले सहा महिने वापरते आहे. त्याआधी दीड वर्ष हेच अंतर मी कधी शहर बसने, कधी रिक्षाने आणि कधी घरच्यांना झोपेतून उठवून दुचाकीवरून कापत होते. त्या दोन्ही काळांची तुलना करून हे लिहिते आहे, कारण या गाडीने मला जे दिले ते खरे तर सार्वजनिक बसने द्यायला हवे आणि ती ते देऊ शकते, असे माझे ठाम मत झाले आहे.

वर्गणी महिन्याला २,२०० रुपये आहे आणि त्यात सकाळची व रात्रीची अशा दोन्ही फेऱ्या येतात. माझ्या चार दिवसांच्या हिशेबाने एका फेरीला साधारण पासष्ट रुपये पडतात. शहर बसच्या तिकिटाच्या मानाने हे पुष्कळच जास्त आहे, पण रात्री दहानंतर स्थानकाबाहेरून आमच्या भागात येण्यासाठी रिक्षाला मी अडीचशे ते तीनशे रुपये मोजत असे, त्या मानाने फारच कमी. सकाळी पावणेसहाला पहिली फेरी फाट्यावरून निघते, वडाळा आणि डीजीपी नगर करत पुणे रस्त्याला लागते आणि उपनगर नाका, दत्तमंदिर, बिटको या ओळखीच्या वाटेने स्थानकावर पोहोचते. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, त्यामुळे सहा महिन्यांत सकाळची रेल्वेगाडी माझ्यामुळे सोडून इतर कोणत्याही कारणाने चुकलेली नाही.

सकाळच्या फेरीबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. सकाळी घरून निघणारा प्रवासी स्वतःच वेळेची सोय करून ठेवतो. सातच्या सुमाराची गाडी पकडायची असेल तर तो साडेपाचला उठतो, एक बस आधीची धरतो, स्थानकावर वीस मिनिटे लवकर पोहोचून चहा घेतो. बस आणि रेल्वे यांच्यात जी काही ढिलाई असेल ती प्रवासी आपल्या झोपेतून भरून काढतो. रात्री परतताना हे त्याच्या हातात उरत नाही. गाडी उशिरा आली तर त्याला लवकर निघता येत नाही आणि शेवटची बस निघून गेली असेल तर तिला थांबवता येत नाही. म्हणून कोणतीही जोडसेवा चांगली की वाईट हे मी आता सकाळवरून ठरवत नाही, रात्रीवरून ठरवते.

नाशिकच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होण्याला जुनी कारणे आहेत. रेल्वेचे स्थानक मूळ नाशिक गावापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे. गाव आणि स्थानक जोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. ती मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट नाशिकरोडला जात असे आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तोट्यामुळे बंद पडली. गाव लहान होते तेव्हा एका मार्गाने काम भागत होते, कारण सगळ्यांना एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जायचे होते. पुढे ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. कागदावर शहर एक झाले, मात्र सातपूर, अंबड, पाथर्डी, गंगापूर असे ते जिकडे वाढले ती दिशा स्थानकाच्या नेमकी उलटी होती. आज गंगापूर रस्त्याच्या टोकाला किंवा मखमलाबादला राहणाऱ्या माणसाला मुंबईची गाडी पकडण्यासाठी आधी आपलेच शहर आडवे पार करावे लागते आणि पुष्कळदा निमाणी किंवा शालिमारला बस बदलावी लागते. जिथे एक बदल आहे तिथे चुकामुकीची एक शक्यता असते. दोन बदल आले की माणूस बसचा विचारच सोडून देतो.

आता या गाडीची खरी कसोटी लागते त्या रात्रीच्या फेरीविषयी. मुंबईहून संध्याकाळी निघालेल्या गाडीचा नाशिकरोडला पोहोचण्याचा छापील वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांच्यात जो फरक पडतो, त्याचा मोठा भाग कल्याण ते इगतपुरी या पट्ट्यात पडतो. कल्याणच्या पुढे लोकल, मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या यांची दाटी असते. कसाऱ्याला लोकलची हद्द संपते आणि थळ घाट सुरू होतो. तिथली चढण १:३७ इतकी तीव्र आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते, आणि त्यासाठी कसाऱ्याला मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडावी लागतात. पावसाळ्यात घाटातला वेग आणखी कमी होतो. तेव्हा रात्रीची गाडी दहाला येईल की पावणेअकराला, हे दादरला बसलेल्या माणसाला कोणीच सांगू शकत नाही.

परंतु एकदा गाडीने घाट चढून इगतपुरी सोडली, की ही अनिश्चितता जवळजवळ संपते. तिथून नाशिकरोड पन्नासेक किलोमीटर आहे, वाटेतली घोटी, अस्वली, लहवित, देवळाली ही स्थानके गाडी झपाट्याने मागे टाकते आणि पाऊण तासाच्या आसपास फलाटावर उभी राहते. आमच्या चालकाने सगळी सेवा या एका गोष्टीवर उभी केली आहे. तो छापील वेळेला स्थानकावर येतच नाही. वर्गणीदारांच्या व्हॉट्सअॅप गटावर गाडीत बसलेल्यांपैकी कोणीतरी ‘इगतपुरी सुटली’ एवढे दोन शब्द टाकतो, तोवर चालक घरी जेवण उरकून घेतो, आणि तो संदेश वाचला की निघतो. आम्ही पादचारी पूल उतरून बाहेर येतो तेव्हा ट्रॅव्हलर दिवे लावून उभी असते. तो मोजून पंधरा मिनिटे थांबतो, शेवटचा वर्गणीदार आला की निघतो.

जुलैतल्या एका रात्री गाडी घाटाच्या पायथ्याशी तासाभराहून जास्त वेळ उभी होती. नाशिकरोडला पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि पाऊस असा कोसळत होता की समोरचा रस्ता दिसत नव्हता. गटावर संदेश वेळेवर गेला होता, त्यामुळे ट्रॅव्हलर उभी होती. माझ्याबरोबर उतरलेल्या तेरा जणांपैकी एकालाही रिक्षासाठी भिजत घासाघीस करावी लागली नाही. साडेबाराच्या सुमारास मी सोसायटीच्या फाटकाशी उतरले. एकट्या बाईला त्या वेळी अनोळखी रिक्षात बसावे लागणे आणि रोजच्या चेहऱ्यांबरोबर घरापर्यंत येणे, यांतले अंतर रुपयांत सांगता येणार नाही. या एका रात्रीनंतर मी पुढच्या तीन महिन्यांची वर्गणी आगाऊ भरली.

शहर बसने प्रवास करत होते त्या काळाविषयीही न्यायाने लिहायला हवे. महामंडळाच्या एसटीकडून ही सेवा महापालिकेच्या कंपनीकडे आली, ८ जुलै २०२१ रोजी नव्या बस रस्त्यावर उतरल्या, आणि त्यांपैकी बहुसंख्य सीएनजीवर चालतात. आसने व्यवस्थित आहेत, पास मिळतो, बस कुठपर्यंत आली ते मोबाइलवर पाहता येते. दिवसा पाथर्डी फाट्याहून शालिमारला किंवा नाशिकरोडला जायचे असेल तर मी आजही बसच घेते. माझी अडचण बसच्या दर्जाची नव्हतीच. बस तिच्या वेळेला सुटत होती आणि रेल्वेगाडी तिच्या अडचणींप्रमाणे येत होती. मी या दोन्हींच्या मधल्या फटीत उभी राहत होते. मोबाइलच्या एका अॅपवर रेल्वेगाडी इगतपुरीला दिसे, दुसऱ्या अॅपवर बस स्थानकाबाहेर उभी दिसे, आणि ती दोन्ही माहिती माझ्या एकाच हातात असूनही बसच्या नियंत्रकाला तिचा काही उपयोग नसे.

हे का घडते, याचा विचार करताना मला बसच्या ठेक्याची रचना कळीची वाटते. महापालिकेची कंपनी बस चालवणाऱ्या ठेकेदारांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे देते. तिकिटाचे उत्पन्न कंपनीकडे जाते. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की प्रवासी कमी असलेल्या मार्गावरही बस धावते आणि चालकाला प्रवाशांसाठी शर्यत लावावी लागत नाही. पण उभी असलेली बस किलोमीटर कापत नाही. गाडीची वाट पाहत थांबलेली पंधरा मिनिटे ठेकेदाराच्या देयकात कुठेच येत नाहीत, उलट पुढची फेरी बिघडली तर त्याचा जाब द्यावा लागण्याची भीती असते. आमच्या ट्रॅव्हलरच्या मालकाचे पैसे किलोमीटरवर नाहीत, वर्गणीवर आहेत. माणूस घरी पोहोचला तर पुढच्या महिन्याची वर्गणी येते, म्हणून त्याला थांबणे परवडते. त्याच्या चांगुलपणाविषयी मला आदर आहेच, तरी तो जे करतो ते केवळ चांगुलपणावर चाललेले नाही. पैसे कशाचे मिळतात, यावर सेवा कशी वागते ते ठरते. रात्रीच्या मोजक्या फेऱ्यांपुरते थांबण्याचे मिनिटही देयकात धरले, तर शहर बसही नक्की थांबेल.

आणि अशा फेऱ्या खरोखरच मोजक्या आहेत. संध्याकाळी मुंबईहून येणाऱ्या ज्या गाड्यांनी पासधारक परततात त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. नाशिकरोडचे बसस्थानक रेल्वे स्थानकाच्या दाराशीच आहे, बसचे एक आगारही नाशिकरोडलाच आहे. म्हणजे इगतपुरी सुटल्याची खबर मिळाल्यावर बस आगारातून काढायला पाऊण तास मिळतो, जो आमच्या एकट्या चालकाला पुरतो. पाथर्डी फाटा, सातपूर, आडगाव आणि भगूर अशा चार दिशांना एकेक मिडी (मध्यम आकाराची) बस रेल्वेगाडीच्या वेळेनुसार सोडली आणि ‘गाडी आल्याशिवाय ही बस सुटणार नाही, मात्र अमुक मिनिटांपलीकडे थांबणार नाही’ असा फलक फलाटावर लावला, तरी पुष्कळ माणसे दुचाकी स्थानकावर ठेवणे सोडतील. त्या फलकातला दुसरा भागही तितकाच आवश्यक आहे, कारण बसमध्ये आधीच बसलेल्या माणसाला कधी निघणार ते कळले पाहिजे.

या ट्रॅव्हलरमध्ये दोष आहेत आणि ते सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. मागची पाच जणांची ओळ अतिशय अडचणीची आहे, उंच माणसाचे गुडघे समोरच्या आसनाला टेकतात. सामान ठेवायला जागा नाही. वर्गणीची पावती मिळत नाही. मागितली तेव्हा वहीत सही दाखवण्यात आली. सलग दहा दिवस मी आजारी होते, तरी त्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते झाले नाहीत. रविवारी सेवा नसते. सगळ्यांत मोठी उणीव अशी, की सगळे एका माणसावर अवलंबून आहे. ऑक्टोबरात तो चार दिवस तापाने झोपून होता, त्या चार दिवसांत दुसरी व्यवस्था झाली नाही आणि आम्ही सगळे पुन्हा रिक्षांच्या रांगेत उभे राहिलो. गाडीच्या दारातला दिवा दोन महिने बंद होता. सांगितल्यावर तो दुरुस्त झाला, पण सांगावे लागले.

आणखी एका प्रसंगाने मला फार वाईट वाटले. एका रात्री आमच्याच रेल्वेगाडीतून उतरलेले एक वृद्ध जोडपे दोन बॅगा घेऊन ट्रॅव्हलरपाशी आले आणि इंदिरानगरपर्यंत सोडाल का, लागतील ते पैसे देतो, असे विचारू लागले. चार आसने रिकामी होती. चालकाने हात जोडून नकार दिला. त्याचे म्हणणे कायद्याला धरूनच होते, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे कराराने माणसे नेणाऱ्या वाहनाला वाटेत सुटे प्रवासी घेऊन त्यांच्याकडून भाडे घेता येत नाही. टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत सुटे प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा, परवाना वेगळा असतो आणि तसे करताना सापडला तर गाडी जप्त होण्याची वेळ येते. आमच्यापैकी दोघांनी उतरून त्यांना रिक्षा ठरवून दिली. पण गाडी पुलाखालून वळेपर्यंत मला मागे पाहवले नाही. वर्गणी भरणाऱ्या सतरा माणसांची सोय झाली, म्हणजे उपनगराची सोय झाली असे होत नाही. ज्याला महिन्यातून एकदाच रुग्णालयासाठी, परीक्षेसाठी किंवा मुलीकडे मुंबईला जायचे असते, त्याला अशा सेवेचा काहीच उपयोग नाही, आणि नेमका तोच माणूस रात्री सर्वांत असहाय असतो. त्याला सुट्या तिकिटावर उचलण्याचा हक्क सार्वजनिक बसकडे आहे.

मोठ्या योजनांच्या आशेवर हा प्रश्न टाकून ठेवावा, असे मला वाटत नाही. १ फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला. रबरी टायरवर धावणारी ‘मेट्रो निओ’ गंगापूरपासून नाशिकरोडपर्यंत जाईल असे तिचे चित्र होते. ती झाली तर मला आनंदच होईल. तरीसुद्धा तिच्या स्थानकावरून पाथर्डीच्या किंवा मखमलाबादच्या घरापर्यंत पुन्हा एक बस लागेलच, आणि त्या बसने मेट्रोची वाट पाहायची की नाही, हा प्रश्न आजच्या प्रश्नाहून वेगळा नसेल. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते आणि स्थानके यांची कामे निघतात, पर्वणीच्या दिवशी स्थानकापासून बसची रांग लावण्याचे नियोजन होते. २०१५च्या कुंभमेळ्यात लाखो भाविकांना असेच बसने ने-आण केले गेले. पर्वणीच्या दिवशी बस गाडीसाठी उभी राहू शकते, तर एरवीच्या रात्री तीनशे माणसांसाठीही ती राहू शकेल.

देवळाली, ओढा, खेरवाडी यांसारख्या लहान स्थानकांचाही विचार व्हायला हवा. भगूरच्या माणसाला देवळाली जवळ आहे, पण जिथे मोजक्याच गाड्या थांबतात तिथे बस नेमक्या त्याच गाड्यांना धरून असायला हवी, नाहीतर ती कोणाच्याच कामाची राहत नाही. उपनगरात दिवसभर दर अर्ध्या तासाने जवळजवळ रिकामी बस फिरवण्यापेक्षा, रेल्वेच्या गाडीला खात्रीने जोडलेल्या चार फेऱ्या मी कधीही पसंत करीन.

एकंदर या गाडीला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण पावती, पर्यायी चालक आणि मागची ओळ या तीन गोष्टींसाठी कापला आहे. शहर बसला सकाळसाठी साडेतीन आणि रात्रीसाठी दीड गुण देईन, आणि ज्या दिवशी तिच्या रात्रीच्या फेरीवर ‘इगतपुरी सुटली’ ही खबर पोहोचू लागेल, त्या दिवशी मी ट्रॅव्हलरची वर्गणी बंद करून बसचा पास काढीन.

नव्याने वर्गणी भरू इच्छिणाऱ्यांनी महिन्याच्या पंचवीस तारखेपूर्वी विचारावे, कारण जागा तेव्हाच रिकाम्या होतात. वहीत आपल्या नावापुढे रक्कम आणि तारीख लिहून घ्यावी व तिचा फोटो काढून ठेवावा. दारालगतचे एकटे आसन मोकळे असेल तर तेच मागावे. तिथे पायांना जागा आहे आणि वडाळ्याच्या वळणावर धक्के कमी बसतात. रात्री गाडीत डुलकी लागण्याची सवय असेल, तर घोटी यायच्या आत गटावर संदेश गेला आहे की नाही, एवढे मात्र स्वतः पाहावे.